खजिना परत ठेवायचा

नगर जिल्ह्यात जमिनीखालून खजिना निघाल्याची एक खरी गोष्ट आहे. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी, झाडाचं मूळ खणताना एका गावकऱ्याच्या हत्याराला धातू लागला. मातीतून बाहेर आला बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस. मग हत्ती, गेंडा आणि रेडा. साठ किलोंहून अधिक वजनाचं, हजारो वर्षांपूर्वीचं ब्राँझ. आज ते संग्रहालयांत काचेआड आहे.

तुम्हाला आज शोधायचा आहे तो खजिना इतका जुना नाही, पण काचेआड जाण्याइतकं भाग्यही त्याला लाभलेलं नाही. तो वडाळ्याला आहे. नगरहून छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरा. घोडेगावचा बाजार मागे पडला, की नेवासे फाट्याच्या अलीकडे वडाळा बहिरोबा लागतं. गाव बहिरोबाचं, पण त्याला दुसरी ओळखही आहे: वडाळा मिशन. इथं अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी या भागातली जुनी माणसं अजून ‘नगरला जाऊन येतो’ असंच म्हणतात, म्हणून आपणही तसंच म्हणू.

असं समजा, की रविवारची उपासना संपली आहे, मंडळी पांगली आहे आणि शब्बाथशाळेच्या बाईंनी मुलांसाठी मांडलेल्या खेळात तुम्हालाही ओढलं आहे. पहिली चिठ्ठी हातात देताना त्या तीन नियम सांगतात. एक, ज्या वस्तूत उत्तर आहे तिला हात लावला की साल बदलेल; घाबरायचं नाही. दोन, तिकडं भेटणाऱ्या माणसांना पुढं काय होणार ते सांगायचं नाही. तीन, खजिना सापडला की जिथल्या तिथं परत ठेवायचा.

तिसरा नियम ऐकून मुलं नाराज होतात. तुम्हीही थोडे होता. चिठ्ठी उघडा.

पहिली चिठ्ठी

तोंड खाली, जीभ एक,
हाक मारते, ऐकतात कैक.

हे सोपं आहे. घंटेचा दोर धरा.

डांबरी रस्ता गेला. मालमोटारींचे भोंगे गेले. एकोणिसाव्या शतकाचं सहावं दशक सरत आलं आहे आणि तुम्ही धुळीच्या गाडीवाटेवर उभे आहात. उत्तरेला प्रवरा गोदावरीला मिळते; गोदावरीपलीकडं निजामाचा मुलूख. अलीकडं इंग्रजांची सत्ता आहे, पण ती कागदोपत्री. गावात हुकूम पाटलाचा आणि हिशेब कुलकर्ण्याचा.

इथं एक गोरे गृहस्थ नुकतेच राहायला आलेत. सॅम्युअल बेकन फेअरबँक. १८४६ साली ते अमेरिकेतून जहाजानं आले. त्यांना पाठवणारी संस्था बॉस्टनची, अमेरिकन बोर्ड. तिचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि १८३१ च्या अखेरीस त्यांची एक तुकडी घाट चढून नगरला पोचली. हवा कोरडी, लष्कराची छावणी जवळ, चहूकडं मराठी बोलणारी खेडी. मिशनला हवं ते सगळं नगरात होतं. १८३३ मध्ये तिथं पहिली मंडळी स्थापन झाली. शहरातून मग पाऊल खेड्यांकडं वळलं आणि वडाळ्याला थांबलं.

तुम्ही गावकुसाबाहेर या. महारवाड्यात सकाळची चूल पेटते आहे. या वस्तीला हाक नवी नाही. पाटलाची हाक आली की धावायचं. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, साहेबाचा तंबू आला तर ओझी वाहायची. हाक म्हणजे काम, तेही बिनमोलाचं किंवा बलुत्याच्या मापात.

आता घंटा वाजते. कोणी कान टवकारतो, कोणी मुद्दाम पाठ फिरवतो. एक म्हातारा विचारतो, “कशापायी बोलवत्यात?” शेजारचा सांगतो, “ऐकायला बोलवत्यात म्हनं. बसायचं, ऐकायचं, माघारी यायचं.” म्हातारा हसतो. बोलावतात आणि काम सांगत नाहीत, हे त्याच्या हिशेबात बसत नाही.

घंटेच्या चौथऱ्याच्या फटीत दुसरी चिठ्ठी आहे.

दुसरी चिठ्ठी

सहा दिवस अक्षर, सातव्या दिवशी गाणं;
एकाच छपराखाली दोघांचं राहणं.

मुलं फळा शोधायला धावतात. तुम्ही थांबा. उत्तर वस्तूत नाही, खोलीतच आहे. भिंतीला तळहात टेका.

नगर जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांत आधी चर्च उभं राहिलं नाही. आधी शाळा उभी राहिली. एक मास्तर, एक खोली, जमिनीवर पोरं. आठवडाभर शाळा आणि रविवारी तिथंच उपासना. मास्तरच वाचून दाखवणार, मास्तरच प्रार्थना चालवणार.

तुमच्यासमोर एक मुलगा धूळपाटीवर बोटानं ‘ग’ काढतो आहे. त्याच्या घराण्यात आजवर कोणी अक्षर काढलेलं नाही. काढायची मुभाच नव्हती. चूक झाली की तो पाटी हलवतो, धूळ सपाट होते आणि पुन्हा सुरू करतो. कोपऱ्यात एक अंक पडला आहे, ‘ज्ञानोदय’चा. १८४२ साली हे नियतकालिक नगरहून निघालं. मास्तर तो वाचून संपवतात तेव्हा अंकाचे कोपरे मऊ झालेले असतात, कारण तो दहा हातांतून फिरलेला असतो.

भिंतीवरून हात न काढता जरा मागं जा. खेडं नाहीसं होतं, नगर शहर येतं. १८४८ च्या आसपासचा काळ. मुलींचा एक वर्ग भरला आहे. समोर मिस सिंथिया फरार. १८२७ साली त्या एकट्या, अविवाहित बाई समुद्र ओलांडून मुंबईला आल्या; १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत आहेत. १८६२ मध्ये त्या इथंच वारतील, पण दुसरा नियम आठवा, सांगायचं नाही.

दाराशी पुण्याहून आलेला विशीतला एक तरुण उभा आहे. तो मुलींकडं बघतो, त्यांच्या पाट्यांकडं बघतो. त्याचं नाव जोतीराव फुले. नगरच्या या शाळा पाहून तो परत जाईल आणि त्याच साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढेल. सावित्रीबाईंच्या अध्यापन-शिक्षणातही मिस फरारबाईंच्या नगरच्या संस्थेचं नाव घेतलं जातं. मराठी मुलींच्या शिक्षणाची कथा आपण पुण्यापासून सुरू करतो. तिचं आधीचं एक पान नगरात आहे.

तिसरी चिठ्ठी

काठ एक, ओठ अनेक;
इथं अडतो, भला भला एक.

चिठ्ठी वाचून मोठी माणसं गप्प होतात, मुलांना मात्र उत्तर लगेच कळतं. प्रभुभोजनाच्या मेजावरचा पेला.

त्याला बोट लावताच तुम्ही १८३९ मध्ये, पुन्हा नगरला. शहरात चर्चा पेटली आहे: हरिपंत खिस्ती नावाच्या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. देव बदलला हे एक वेळ लोक सोसतील. पण प्रभुभोजनात भाकर एक आणि पेला एक. तो महाराच्या हातून ब्राह्मणाकडं येतो, ब्राह्मणाकडून पुढं महाराकडं जातो. लोकांचा जीव धर्मशास्त्रापेक्षा या पेल्यापाशी अडकला आहे.

तुम्ही मागच्या रांगेत बसा आणि फक्त पेल्याकडं बघा. तो एका हातातून दुसऱ्या हातात जायला किती क्षण लागतात ते मनात मोजा. त्या क्षणात एका माणसाचं घर, सोयरीक, पंगत, श्राद्धाचा हक्क, सगळं तुटतं. वारसाहक्काला कायद्याचं संरक्षण १८५० च्या एकविसाव्या कायद्यानं मिळेल, म्हणजे अजून अकरा वर्षांनी. हरिपंत पुढं स्वतः पाळक होतील. त्यांच्याबरोबर रामकृष्णपंत मोडकांनाही पाळकपदाची दीक्षा मिळेल.

इथं एक खोटं चित्र मनात घेऊन निघू नका. पेला एक झाला म्हणून जात गेली असं झालं नाही. ब्राह्मण ख्रिस्ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. खेड्यांतल्या मंडळ्या मुख्यतः महार समाजातून उभ्या राहिल्या, आणि जिथं मांग कुटुंबं आली तिथं महार ख्रिस्त्यांनीच नाकं मुरडली. लग्नं पुष्कळ ठिकाणी जुन्या रेषेतच होत राहिली. गावानं पाणवठा दिला नाही तो नाहीच. उलट बलुत्यावरून नवी भांडणं सुरू झाली. ‘देव सोडला, मग देवाच्या गावकीचा वाटा कशाला?’ हा सवाल चावडीवर उभा राहिला. पेल्यानं उत्तर दिलं नाही. त्यानं प्रश्न तेवढा सगळ्यांच्या ओठांपर्यंत नेला.

चौथी चिठ्ठी

नाव माझं या अंगणात,
घरटं माझं दूर डोंगरात.

ही चिठ्ठी मुलांना फसवण्यासाठी आहे. ती चर्चभर फिरतात, काही सापडत नाही. बाहेर या आणि वर बघा.

फेअरबँकसाहेब हातात दुर्बीण घेऊन उभे आहेत. प्रवचन सांगायला निघालेला हा माणूस वाटेत पक्षी दिसला की थांबतो. मुंबई इलाख्यातले पक्षी त्यांनी टिपून ठेवले, त्यांच्या याद्या छापल्या, शंख-शिंपलेही गोळा केले. दक्षिणेत पळणीच्या डोंगरांत त्यांना लाफिंगथ्रश कुळातला एक पक्षी मिळाला. विल्यम ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञानं १८६९ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हा शब्द घातला. तो पक्षी वडाळ्याच्या आभाळात कधी दिसणार नाही, पण पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत त्याच्या नावाशी नेवासे तालुक्यातल्या या गावचा रहिवासी जोडला गेला आहे.

पुढं चला. साहेबांवर जास्त वेळ घालवायचा नाही. का, ते शेवटच्या चिठ्ठीत कळेल.

पाचवी चिठ्ठी

पानं आहेत, झाड नाही;
सूर आहेत, गळा नाही.

बाकावर पडलेलं ‘उपासनासंगीत’ उचला. त्याची पाठ शिवून शिवून जाड झाली आहे.

पहिलं पान उलटताच कानावर येतं ते ओढून ताणून गायलेलं परकं गाणं. मिशनऱ्यांनी आपल्याकडच्या चाली आणल्या. हेन्री बॅलंटाईन १८३५ मध्ये आले, मराठी शिकले आणि मराठीत पुष्कळ गीतं रचली. मंडळी ती भक्तिभावानं म्हणते आहे, पण सूर गळ्यात बसत नाही. शब्द मराठी आणि चाल बॉस्टनची. दोघं एकमेकांकडं पाठ करून बसलेत.

आणखी काही पानं उलटा. १८६० चं दशक. रात्र झाली आहे, मशाल पेटली आहे आणि अंगणात गावच जमलं आहे. ख्रिस्ती नव्हे, अख्खं गाव. मध्यभागी कीर्तनकार, मागं टाळ, मृदंग. पूर्वरंग, उत्तररंग, मधेच पद, मधेच विनोद. सगळा ढंग हरिदासाचा. आख्यान मात्र येशूचं. कृष्णराव सांगळे या नगरच्या कवीनं ही वाट रुळवली. पारावर बसलेले बापे, जे प्रवचनाला कधी फिरकले नसते, ते मध्यरात्रीपर्यंत हलत नाहीत. एक जण शेजाऱ्याला म्हणतो, “देव कुनाचा का आसंना, गडी गातो झ्याक.”

या मातीत हे व्हायचंच होतं. इथून नेवासे जवळ आहे. तिथल्या खांबाला टेकून १२९० साली ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली असं महाराष्ट्र मानतो. ज्या मुलखानं ओवी ऐकून कान घडवले, तिथं दुसरी कोणती चाल टिकणार?

अजून थोडी पानं. आता नाव येतं नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला; नंतर नगरला येऊन मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. त्यांच्यामुळं ख्रिस्ताला अभंग मिळाला, ओवी मिळाली. पश्चिमेचा ख्रिस्त त्यांनी पूर्वेच्या सुरांत आणला आणि त्यांची शेकडो पदं मंडळ्यांच्या तोंडी बसली. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून कोसळलेल्या लक्ष्मीबाई काही वर्षांनी स्वतःच्या वाटेनं तिथंच पोचल्या. नगर, राहुरी, त्या घरात येऊन राहिलेली माणसं, त्यांत कवी बालकवी ठोंबरेही. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

पुस्तक मिटण्यापूर्वी मागच्या कोऱ्या पानावर बघा. पेन्सिलीनं कुणीतरी रविवारच्या गीतांचे क्रमांक मांडलेत. छापलेल्या कवींना इतिहासात जागा आहे. हे क्रमांक लिहिणाऱ्या हाताला नाही. ही खूण लक्षात ठेवा.

सहावी चिठ्ठी

तोंड बारीक, पोट मोठं;
भरलं तरी स्वतः खातं कुठं?

दानपेटी. हात लावण्यापूर्वी पाणी पिऊन घ्या.

१८७७. पाऊस गेल्या वर्षीच दगा देऊन गेला. दोन वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्याकडं शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. आता जाळायला वहीही नाही आणि पेरायला बीही नाही. दौंड–मनमाड लोहमार्गाचं काम दुष्काळी काम म्हणून निघालं आहे. माणसं उन्हात खडी फोडतात, दिवसाची मजुरी घेतात, तीत धान्य जेमतेम येतं. पुढच्या वर्षी, १८७८ मध्ये, त्याच रुळांवरून गाडी धावेल आणि डब्यात बसलेल्यांना खालच्या खडीचा हिशेब माहीत नसेल.

मिशनच्या आवारात रांग लागली आहे. धान्य वाटलं जातं आहे. याच काळात बाप्तिस्म्यांची संख्याही वाढली. म्हणून मग तो जुना आरोप: पोटासाठी धर्म सोडला. रांगेत उभं राहून तो आरोप नीट ऐका. तुमच्या पुढं एक बाई आहे, कडेवर मूल, मुलाचं पोट फुगलेलं. ती धान्य घेईल. कदाचित मंडळीत येईल, पाऊस पडल्यावर पुन्हा येणार नाही. असे बरेच होते. कदाचित येईल आणि नातवंडांपर्यंत टिकेल, असेही होते. ज्यांना देवळाच्या पायरीवर कधी उभं केलं नाही त्यांनी भाकरीच्या दिशेनं देव शोधला, तर त्यांना बोलण्याचा हक्क ज्यांची चूल त्या वर्षी पेटत होती त्यांना नाही.

१८९९–१९०० च्या दुष्काळानं पुन्हा तेच दाखवलं, त्यात प्लेगची भर. या वेळी अनाथ मुलांचे लोंढे नगर आणि आसपासच्या मिशन ठाण्यांत आले. नुसतं खाऊ घालून भागत नव्हतं, म्हणून हाताला काम शिकवणं आलं. नगरच्या सर डी. एम. पेटिट उद्योगशाळेत सुतारकाम, धातुकाम, गालिचे. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डी. सी. चर्चिल या मिशनरी अभियंत्यानं विणकरांसाठी सुधारलेला हातमाग. दुष्काळात आईबाप गमावलेली पोरं सुतार झाली, विणकर झाली, मास्तर झाली, नर्स झाली. पुढच्या पिढ्यांत नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती शिक्षक आणि परिचारिका महाराष्ट्रभर दिसतात, त्याचं मूळ या रांगेत आहे.

पेटीच्या तळाशी शेवटची चिठ्ठी.

सातवी चिठ्ठी

जन्माला हजर, लग्नाला हजर, मातीलाही हजर;
पण जेवायला कधीच नाही.

मुलं ओरडतात, “पाळकसाहेब!” बाई हसतात. “पाळकसाहेब तर सगळ्यात आधी जेवायला बसतात.”

उत्तर कपाटात आहे. लोखंडी कपाट, कुरकुरणारं दार, वरच्या कप्प्यात जुन्या हिशेबाच्या वह्या, खालच्या कप्प्यात कापडात गुंडाळलेली लांबट नोंदवही. मंडळी जुनी असेल तर अशी वही असतेच. बाप्तिस्मे, विवाह, दफनं. विवाहांच्या नोंदीला तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचं बंधन आहे. तारीख, दोघांची नावं, वडिलांची नावं, साक्षीदार, सही.

हात लावा. या वेळी साल बदलत नाही. सगळी सालं एकदम समोर येतात.

अशी वही वाचायची एक रीत आहे. घाईनं नावं शोधू नका, आधी अक्षर बघा. सुरुवातीच्या पानांवर बोरूची जाड रेघ, मग टाक, मग निळी शाई, मग बॉलपेन. मग सहीच्या रकान्याकडं बघा. एका पिढीत अंगठा, पुढच्या पिढीत कापरं अक्षर, तिसऱ्या पिढीत झोकदार सही. धूळपाटीवर ‘ग’ काढणारा तो मुलगा आठवतो? त्याची फेड इथं झाली आहे.

मग नावांकडं या. जुन्या पानांवर देवादिकांवरून, वारांवरून, नवसावरून ठेवलेली नावं. मग हळूहळू दाविद, शलमोन, रूथ, मार्था. मग कृपा, सुवार्ता, आशीर्वाद. मग पुन्हा शेजारच्या कोणत्याही घरात शोभतील अशी नावं. एक समाज स्वतःला काय म्हणवून घ्यायचं ते दीडशे वर्षं ठरवत होता, आणि त्याची टाचणं या रकान्यांत आहेत. काही घरांत एकाच माणसाच्या दोन ओळखी निघतात, एक चर्चमधली आणि एक शाळेच्या दाखल्यावरची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या. शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला, बौद्धांचा १९९० मध्ये, ख्रिस्त्यांचा अजून नाही. दाखल्यावर काय लिहायचं हा प्रश्न त्या घरांना हौसेपोटी पडलेला नाही.

आईच्या नावाचा रकाना सगळ्यात शेवटी बघा. गावच्या दप्तरात महाराची नोंद वतनदार म्हणून, वेठीचा गडी म्हणून असायची. त्याच्या बायकोची, लेकीची नोंद कोण ठेवणार? बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र मुलाच्या बापाशेजारी आई येते, नावानिशी. ज्या बाईचं नाव दुसऱ्या कोणत्याही कागदावर नाही, तिचं या एका ओळीत आहे.

हा खजिना.

आता चौथ्या चिठ्ठीचा हिशेब. फेअरबँक, बॅलंटाईन, फरारबाई यांचा इतिहास हरवणार नाही. अमेरिकन बोर्डाचे अहवाल आणि पत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. बॉस्टनला पाठवलेल्या त्या पत्रांत वडाळ्याची माणसं बहुतेक वेळा आकड्यांत येतात, ‘या वर्षी इतके वाढले’ एवढीच. ती माणसं एकेकटी, नावगावासह, सापडतात ती गावच्या वहीत. साहेबांचा इतिहास समुद्रापार सुरक्षित आहे. आपल्या आजी-पणजीचा इतिहास कुरकुरणाऱ्या कपाटात आहे आणि त्याला कसर लागते आहे.

हा खेळ वडाळ्यापुरता नाही. याच जिल्ह्यात कॅथलिकांची वेगळी वाट आहे. जेझुइट धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राहुरीकडच्या केंदळपासून सुरुवात केली. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, आणि मजुरांच्या त्या वसाहतीतल्या मतमाउलीच्या यात्रेला आज दर सप्टेंबरला सगळ्या धर्मांचे लोक लोटतात. तिथल्या धर्मग्रामांच्या वह्यांत उसाच्या फडांवरून फिरणाऱ्या कुटुंबांच्या नोंदी असणार. चिठ्ठ्या वेगळ्या लिहाव्या लागतील, पण शेवटची तीच.

बाई तिसऱ्या नियमाची आठवण करून देतात. वही गुंडाळा, परत ठेवा. खजिना घरी न्यायचा नाही, कारण तो एकट्याचा नाही. पण परत ठेवण्यापूर्वी एक काम करता येतं, आणि ते तुम्ही, हे वाचणारे, खरोखर करू शकता.

तुमच्या गावात जुनं चर्च असेल, मग तुम्ही त्या मंडळीचे असा वा नसा, पाळकांना किंवा फादरांना भेटा. पंचांची परवानगी घ्या. जुन्या नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा उजेडात, सरळ वरून, मोबाइलनं फोटो काढा. पान दाबू नका, चिकटपट्टी लावू नका, थुंकी लावून पान उलटू नका. फोटो तीन जागी ठेवा: मंडळीकडं, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडं आणि गावातल्या एका जबाबदार घरी. ते समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यात जिवंत माणसांची नावं आहेत, आणि कुणाच्या दाखल्याचा प्रश्न अजून कचेरीत अडकलेला असू शकतो. वही सुक्या जागी, कडुनिंबाचा पाला घालून सुती कापडात ठेवा. आणि मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून नावं वाचून दाखवा. कोण कुणाचा, हे सांगणारे आता थोडे उरलेत. हे काम या पावसाळ्याच्या आधी करा.